ससाच होता



आजचं वाचन : बृहदारण्यक उपनिषद, पहिला अध्याय, तिसरं ब्राह्मण, मंत्र बाविसावा.

आपण क्रमाने चाललोय हे तुम्हाला माहीत आहे, आणि ज्यांचं बारीक लक्ष असतं त्यांना हेही कळलं असेल की हा मंत्र मी मध्ये गाळला होता. विसरलो नव्हतो. त्या सकाळी उघडला, वाचला, आणि लॅपटॉप बंद करून आंघोळीला गेलो. दुसऱ्या दिवशी सरळ पुढच्या मंत्रावर उडी मारली. कारण आदल्या रात्रीच एक गोष्ट घडली होती आणि मंत्र नेमका तिच्यावरच बोट ठेवत होता.

गोष्ट लहान आहे. सुप्याजवळ आमच्या काकांचं घर आहे. तिथून रविवारी रात्री पुण्याला परत येत होतो. गाडी मी चालवत होतो, शेजारी बायको, मागे बाबा. सुपे ते मोरगाव या पट्ट्यात दोन्ही बाजूंना माळ आहे. मयूरेश्वर अभयारण्यही तिथलंच. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारांसाठी राखलेलं. हरणाचं चित्र असलेला पिवळा बोर्ड मी पाहिला होता. दर वेळी पाहतो. काटा सत्तरवर होता. रस्ता रिकामा, सोमवारी सकाळी नऊला मीटिंग, आणि डोक्यात तीच.

उजेडात काहीतरी आलं. मातकट, लांब कान. ते डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, आणि मग थांबलं. मी ब्रेक दाबला असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही. खालून एक बारीक आवाज आला, पिशवीतली वही खाली पडावी तसा.

बायको म्हणाली, "थांब."

मी म्हणालो, "मागून गाडी येतेय." मागून गाडी येत होती हे खरं आहे. ती बरीच लांब होती हेही खरं आहे.

मग मीच म्हणालो, "ससाच होता."

त्या "च"मध्ये मला केवढं हायसं वाटलं होतं! माणूस नव्हता, गाय नव्हती, कुणाचं कुत्रं नव्हतं. मोरगाव येईपर्यंत कुणी बोललं नाही. तिथे देवळाच्या दिशेने हात जोडले. सवय आहे.

घरी आल्यावर झोप येईना, म्हणून मी जे नेहमी करतो ते केलं : आकडे काढत बसलो. आपल्याकडे माळावर दिसतो तो ससा म्हणजे लेपस नायग्रिकॉलिस, काळ्या मानेचा ससा. पांढऱ्या पाळीव सशाशी त्याचं नातं लांबचं. पाळीव ससा बिळात राहणाऱ्या युरोपी जातीतून आलेला, त्याची पिल्लं जन्मतः उघडी आणि डोळे मिटलेली. रानससा बीळ करतच नाही. गवतात अंगाच्या मापाचा खळगा करून त्यात दिवसभर दबून बसतो, आणि त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्माला येतात. वजन साधारण दोन-अडीच किलो, कधी तीनच्या वर. युरोपातला तपकिरी ससा याच्याहून दांडगा, तीन ते पाच किलोचा. बर्फातला आर्क्टिक ससाही चार-पाच किलोचा. आपला कोरड्या माळावरचा, त्यामानाने हलका.

मग त्याच माळावरच्या बाकीच्यांची वजनं शेजारी लिहिली. खोकड, म्हणजे आपला छोटा कोल्हा, दोन ते तीन किलो, अगदी सशाएवढाच. हे मला माहीत नव्हतं. मोठा कोल्हा आठ-दहा किलो. लांडगा वीसच्या आसपास, म्हणजे आठ ससे. चिंकारा साधारण तेवढाच. चांगला खिलार बैल पाचशे किलो, म्हणजे दोनशे ससे. आणि माझी गाडी, आम्हा तिघांसकट, तेराशे किलो.

इथे इंजिनियरिंगचं पहिलं वर्ष आठवलं. तेराशे किलोची गाडी सत्तरच्या वेगाने अडीच किलोच्या सशाला धडकली तर गाडीचा वेग किती कमी होईल? संवेगाचं साधं गणित. उत्तर येतं ताशी सुमारे एकशे चौतीस मीटर. किलोमीटर नाही, मीटर. काट्यावर दिसणारसुद्धा नाही. त्या जागी पाचशे किलोचा बैल असता तर वेग ताशी एकोणीस-वीस किलोमीटरने उतरला असता, बॉनेट गेलं असतं, आणि मी नक्कीच थांबलो असतो. थांबावंच लागलं असतं.

पण त्याच पुस्तकात न्यूटनचा तिसरा नियमही आहे. गाडीने सशावर जेवढं बल लावलं तेवढंच सशाने गाडीवर लावलं. एका ग्रॅमचाही फरक नाही. धक्का दोघांना सारखाच बसला. मला तो वही पडल्यासारखा वाटला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनाला हा मंत्र.

मंत्र प्राणाबद्दल आहे. या ब्राह्मणात आधी देव आणि असुरांची स्पर्धा येते. वाणी, नाक, डोळे, कान, मन एकेक करून हरतात आणि मुखातला प्राण टिकतो, ते आपण पाहिलं. मग "साम" या शब्दाचा अर्थ सांगताना ऋषी म्हणतात की प्राण "सम" आहे, सारखा आहे. कशाशी सारखा? यादी दिली आहे. आधी प्लुषि, वाळवीसारखा एक चिमुकला किडा. मग मशक, म्हणजे डास. मग नाग, इथे त्याचा अर्थ हत्ती. मग तिन्ही लोक, आणि शेवटी जे काही आहे ते सगळं.

यादीत ससा नाही. डास आणि हत्ती यांच्यामध्ये कुठेतरी तो बसतो. कुठे, हे बघायचा मोह मला आवरला नाही. डास साधारण अडीच मिलिग्रॅम. ससा अडीच किलो. म्हणजे एका सशात दहा लाख डास. हत्ती धरा चार हजार किलो. एका हत्तीत ससे किती? फक्त सोळाशे. पटीने मोजलं तर आपला "ससाच" डासापेक्षा हत्तीच्या कितीतरी जवळ आहे. सस्तन प्राण्यांपुरतं बोलायचं तरी निम्म्याहून जास्त प्रजाती उंदीर-खारी आणि वटवाघळांच्या आहेत, आणि त्यांतले बहुतेक सशाच्या पासंगालाही पुरत नाहीत. किडे तर मोजायलाच घेतले नाहीत. जगातल्या बहुतेक प्राण्यांच्या नजरेने ससा हा अवाढव्य प्राणी आहे. लहान तो आपल्याला वाटतो, कारण आपण साठ-सत्तर किलोच्या उंचीवरून बघतो. आणि त्या रात्री मी तेराशे किलोच्या उंचीवरून बघत होतो.

आता इथे एक मोह होतो, आणि तो तुम्हालाही होईल म्हणून आधीच सांगतो. आकाराचं जीवशास्त्र फार सुंदर आहे. गॅलिलिओने १६३८ मध्येच लिहून ठेवलं की प्राणी मोठा होतो तशी त्याची हाडं नुसती लांब होऊन भागत नाही, त्याहून जास्त जाड व्हावी लागतात. हॉल्डेन या जीवशास्त्रज्ञाचा १९२६ मधला निबंध तर याच विषयावर आहे : प्रत्येक प्राण्याला त्याचा म्हणून एक योग्य आकार असतो, उंचावरून पडला तर उंदीर झटकून चालू लागतो, घोडा लागत नाही. (हे हॉल्डेन पुढे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आपल्याकडे त्यांना म्हणावं तेवढं कुणी वाचत नाही.) मग क्लायबरचा १९३२ मधला नियम : वजन वाढतं त्या प्रमाणात ऊर्जेचा खर्च वाढत नाही, त्याहून कमी वाढतो. त्या हिशोबाने सोळाशे सशांएवढा हत्ती ऊर्जा खातो ती फक्त अडीचशे सशांएवढी. उलट बघितलं तर सशाचा एकेक ग्रॅम हत्तीच्या एका ग्रॅमपेक्षा सहापट जोराने जळत असतो. हत्तीचं हृदय मिनिटाला तीसेक ठोके देतं, सशाचं दोनशेच्या आसपास. आणि ढोबळमानाने बहुतेक सस्तन प्राण्यांना आयुष्यात मिळतात ते ठोके अब्जाच्या घरातले. तीसच्या गतीने अब्ज ठोके म्हणजे त्रेसष्ट वर्षं. दोनशेच्या गतीने साडेनऊ. माणूस याला अपवाद आहे, आपण अडीच अब्जांपर्यंत जातो.

मोह हा की इथे टाळी वाजवायची : बघा, विज्ञानानेही सिद्ध केलं, प्राण सम आहे, सगळ्यांना ठोके सारखेच! फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड होण्यासारखी गोष्ट आहे. मी ती करणार नाही. कारण उद्या कुणी दाखवून दिलं की अमुक प्राण्याला दोन अब्ज ठोके मिळतात, तर काय त्याचा प्राण दुप्पट झाला? ज्या समतेला मोजून आधार लागतो ती मोजमाप चुकलं की पडते. आणि मुख्य म्हणजे मंत्र असलं काही म्हणतच नाही.

हे शंकराचार्यांच्या भाष्यात फार नेटकं आलंय. त्यांच्यासमोर प्रश्न असा की किड्याएवढा आणि हत्तीएवढा, दोन्ही एकाच वेळी कसं? एक सोपं उत्तर तयार होतं. दिवा मडक्यात ठेवला तर मडक्याएवढा उजेड, वाड्यात ठेवला तर वाड्याएवढा. तसा प्राण शरीराच्या मापाने आकसतो, पसरतो. आचार्य हे उत्तर नाकारतात. इथलं सारखेपण मापाचं नाहीच, असं ते म्हणतात, आणि "गाय असणं" याचं उदाहरण देतात. गाय असणं हे प्रत्येक गाईत पुरतं असतं. खिलार गाईत जास्त आणि डांगी गाईत कमी असं नसतं (जातींची नावं माझी, आचार्यांची नव्हेत). वासरात अर्धं गायपण नसतं. तसा प्राण प्रत्येक शरीरात अख्खा असतो.

माझ्या धंद्यातल्या भाषेत : क्लास एकच, ऑब्जेक्ट लहान-मोठे. ऑब्जेक्टने मेमरी किती खाल्ली यावरून तो त्या क्लासचा कमी किंवा जास्त होत नाही. उदाहरण कुठेतरी लंगडं आहे, माहितीये, पण मला त्यानेच कळलं.

दिव्याचं जे उत्तर आचार्यांनी नाकारलं, तसं मत जैन दर्शनात आहे : जीव देहाच्या मापाचा असतो, हत्तीच्या देहात हत्तीएवढा, मुंगीच्या देहात मुंगीएवढा. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या मताचं खंडन येतं, की मग एका देहातून दुसऱ्या देहात जाताना जीवाचं काय होतं, तो कापला जातो की शिल्लक उरतो वगैरे. वादात कोण जिंकलं ते आपापल्या परंपरेप्रमाणे ठरवा. मला वेगळंच काहीतरी टोचलं. जीव मुंगीत मुंगीएवढाच असं मानणारे साधू पाऊल टाकण्याआधी जमीन हळूच झाडून घेतात. आणि जीव सगळीकडे अख्खा असं रोज सकाळी वाचणारा मी, बोर्ड बघूनही सत्तरने जातो.

पण मंडळी, स्वतःला बडवून घेण्यातही एक सोय असते, म्हणून दुसरी बाजूही नीट बघू. त्या अर्ध्या सेकंदात मी काय करायला हवं होतं? जोरात स्टिअरिंग फिरवायला हवं होतं? बाजूला नाला होता, मागे बाबा होते, त्यांनी बेल्ट लावला नव्हता. गाडी शिकवणारे सांगतात तेच बरोबर आहे : लहान जनावर आडवं आलं तर ब्रेक दाबा, गाडी वळवू नका. एका सशासाठी तीन माणसं नाल्यात घालणं याला मी समदृष्टी म्हणणार नाही. ऑफिसमध्ये रात्री दोनला सिस्टिम कोसळते तेव्हा आम्ही आधी तीव्रता ठरवतो, एक नंबर, दोन नंबर, आणि एक नंबरला हात घालतो. त्या वेळी "सगळे युजर सारखेच" असं म्हणत बसणारा माणूस टीममध्ये कुणाला नको असतो. उतरंड लावावी लागते. वैद्याला लावावी लागते, आईलासुद्धा लावावी लागते.

फक्त, दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसतो आणि विचारतो की हे झालं कशामुळे. आणि दर वेळी, अक्षरशः दर वेळी, कारण रात्री दोनचं नसतं. तीन महिन्यांपूर्वी कुणीतरी एक वॉर्निंग बघून पुढे गेलेलं असतं. माझ्या बाबतीत ती वॉर्निंग पिवळी होती आणि तिच्यावर हरणाचं चित्र होतं. त्या अर्ध्या सेकंदात ससा आणि माणूस सारखे नव्हते, ठीक आहे. पण त्याआधीची दहा मिनिटं तर पूर्ण माझी होती. ताशी चाळीसने गेलो असतो तर घरी सात-आठ मिनिटं उशिरा पोचलो असतो. त्या दहा मिनिटांत सशाचं वजन माझ्या हिशोबात अडीच किलोही नव्हतं. शून्य होतं. आणि नंतरची दोन मिनिटंही माझीच होती. गाडी बाजूला घेऊन बघता आलं असतं. मेला असता तर उचलून कडेला ठेवता आला असता. तडफडत असता तर, माहीत नाही मी काय केलं असतं, पण निदान ते पाहिलं असतं. तिथे कुठलीही उतरंड माझ्या आड आली नव्हती. आड आला तो फक्त "च".

आठवडाभराने बाबांशी हे बोललो. आमच्या घरात अशा गोष्टी बोलत नाहीत, म्हणून चहा करता करता बोललो. मला वाटलं ते म्हणतील, एवढं काय मनाला लावून घेतोस. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात एका सशावर आम्ही सात माणसं जेवलोय."

मला हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे माळ घातलेली आजी होती, मांसाहाराचा विषयच निघायचा नाही. बाबा सांगत होते : पाऊस नाही, खडी फोडायच्या कामावर सगळे, आणि एका संध्याकाळी माझ्या चुलत आजोबांनी माळावर जाळी लावून ससा धरला. पातळ कालवण केलं, पाणी घालून घालून पुरवलं. आजीने खाल्लं नाही, पण शिजवलं तिनेच. "सशाला धरताना नाना त्याच्या पाया पडला होता," बाबा म्हणाले. नंतर हसले. "पण सोडला नाही हां."

(त्याच वर्षी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज ससा मारणं गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा.)

मी तेव्हापासून हे दोन ससे शेजारी शेजारी ठेवून बघतोय. नानाआजोबांनी ससा ठरवून मारला, मी चुकून. कायद्याने बघितलं तर हेतू त्यांचा होता, माझा नव्हता. पण त्यांच्या सशाला वजन होतं. हाड काढून दीड किलो भरला असेल-नसेल, सात माणसांच्या पोटाला तो किती पुरला हे पन्नास वर्षांनी बाबांना आठवतंय. माझ्या सशाचं वजन मला गुगल करावं लागलं. आजोबांनी केलं ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही. भुकेचं होतं. पण ज्याला मारलं त्याच्याकडे त्यांनी पाहिलं होतं.

वजनावरून महाभारतातली शिबी राजाची गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. वनपर्वात ती आहे. कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडतं, ससाणा मागोमाग येऊन आपला घास मागतो. आपण लहानपणी ही गोष्ट ऐकतो तेव्हा ससाणा खलनायक वाटतो. मोठेपणी वाचली तर त्याचा युक्तिवाद भारी आहे : तू एकाला वाचवतोस, पण मी उपाशी मेलो तर माझी पिल्लंही मरतील, मग तुझा धर्म कुठे राहिला? राजाकडे याला तोंडी उत्तर नाही. तो तराजू मागवतो. एका पारड्यात कबुतर, दुसऱ्यात स्वतःचं मांस. कबुतराचं वजन असून असून किती, तीनशे-साडेतीनशे ग्रॅम. पण मांस कितीही कापून टाकलं तरी कबुतराचंच पारडं खाली. शेवटी राजा स्वतः पारड्यात बसतो.

लहानपणी मला वाटायचं की देवांनी तराजूत फसवणूक केली. आता वाटतं, तराजू बरोबर होता. फक्त तो ग्रॅममध्ये मोजत नव्हता.

आणि तराजूचंच निघालंय म्हणून एक कडू गोष्ट सांगतो, कारण ती गाळली तर हे लिहिणं खोटं ठरेल. प्रायश्चित्त काय सांगितलंय हे बघायला मी मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडला. तिथे प्राणिहत्येची यादी आहे, बारकाईने लावलेली. हाडं असलेले हजार छोटे जीव मारले, किंवा बिनहाडाचे गाडीभर मारले, तर प्रायश्चित्त एका शूद्राच्या हत्येएवढं. मी दोनदा वाचलं. एका माणसाची किंमत : हजार सरडे. सशाचं माप शोधायला गेलो आणि माणसांचं दरपत्रक हातात आलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी या ग्रंथाचं दहन केलं ते आपण शाळेत एका ओळीत शिकतो. त्या रात्री मला ती ओळ कळली. जीवाला माप लावायचा तराजू एकदा हातात धरला की तो जनावरांपाशी थांबत नाही. "ससाच होता" म्हणणारी जीभ आणि "वॉचमनच आहे", "कामवालीच आहे" म्हणणारी जीभ वेगळी नसते. माझी तर नाहीये. आमच्या सोसायटीत सर्व्हिस लिफ्ट आहे.

गीतेच्या पाचव्या अध्यायातला अठरावा श्लोक याच जागी येतो. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि ज्याला समाजाने सगळ्यात खाली ढकललं तो माणूस, पाच नावं एका ओळीत, आणि पंडित कोण तर या सगळ्यांत समच बघतो तो. माणसाचं नाव कुत्र्याच्या पाठोपाठ घ्यावं लागलं हे मला आजही खटकतं. पण ज्या समाजात ती ओळ म्हटली गेली तिथे तराजू कुठे कुठे लावला जात होता, तेही त्याच ओळीतून दिसतं.

आपल्या संतांनी यावर भाष्य करून थांबवलं नाही. नामदेवांच्या गोष्टीत कुत्रं भाकरी पळवतं आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. एकनाथांच्या गोष्टीत काशीहून रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाच्या तोंडात जातं. दोन्ही गोष्टी इतक्यांदा ऐकल्यात की आपण त्यांतली वस्तू विसरतो. तूप खरं होतं, महाग होतं. कावड महिनोन्‌महिने खांद्यावर वाहिलेली होती. त्या दोघांच्या हातात काहीतरी होतं आणि ते त्यांनी दिलं. माझ्या पायाखाली ब्रेक होता, आणि खिशात सात-आठ मिनिटं.

गेल्या शनिवारी परत काकांकडे जाणं झालं. ती जागा शोधायचा प्रयत्न केला, सापडली नाही. दोन आठवड्यांनी काय सापडणार! काका म्हणाले, "कोल्ह्यानं नाहीतर खोकडानं त्याच रात्री नेला असंल." ऐकून थोडं बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

येताना रात्रच झाली. या खेपेला बोर्डाच्या अलीकडेच गाडी चाळीसवर आणली. मागच्या एक-दोघांनी हॉर्न वाजवले, ओव्हरटेक करून गेले. बाबांनी बेल्ट लावला होता. अभयारण्य मागे पडता पडता रस्त्याच्या मधोमध तो बसलेला दिसला. उजेडात ससा गोंधळतो, त्याच प्रकाशाच्या पट्ट्यात इकडून तिकडे धावत राहतो, हे मी मधल्या काळात वाचलं होतं. गाडी थांबवली, हेडलाइट बंद केले, फक्त पार्किंगचे ठेवले. इंजिनचा आवाज, आणि माळावरचे रातकिडे. अंधाराला डोळे सरावले तसा तो दिसू लागला. आधी कान, मग पाठ. दहा-बारा सेकंद तो तसाच बसून होता. मग तीन उड्यांत गवतात गेला.

"चांगला मोठा होता," बाबा मागून म्हणाले.

मला तर छोटासाच वाटला.